पामेरियन ते ‘मर्ल’: एका बाजाराचा मागोवा

नव्वदच्या दशकात गोव्यातल्या आमच्या मुळगावात, आणि तसं पाहिलं तर सगळ्या डिचोली तालुक्यातच, पांढरं केसाळ कुत्रं म्हणजे पामेरियन. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि घराघरांतल्या पामेरियनचं नाव टफी झालं. आता खरी गोष्ट अशी, की पडद्यावरचा टफी पामेरियन नव्हताच. तो इंडियन स्पिट्झ. इंग्रजांच्या काळापासून इथंच वाढलेली, इथला उकाडा सोसणारी काटक जात. अस्सल पामेरियनचं वजन जेमतेम दोन-तीन किलो. आपल्या पडवीत भुंकणारा ‘पामेरियन’ सात-आठ किलोंचा तरी असायचा. परदेशी कुत्री आणणं तेव्हा अवघड होतं. हाताशी असलेल्या जातीला विक्रेत्यांनी परदेशी नाव दिलं आणि घेणाऱ्यांनीही ते आनंदानं घेतलं. ही फसवणूक त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणायची: नाव खोटं होतं, पण कुत्रं धडधाकट होतं. पुढं हे प्रमाण उलटत गेलं.

२००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागून चालणारा पग दिसला आणि देशभर पगची मागणी उसळली. डिचोलीत तेव्हा चीनला जाणाऱ्या लोहखनिजाचे दिवस येऊ घातले होते. ट्रक वाढले, बंगले उठले, फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध’च्या पाट्या लागल्या. कुत्रं ही दाखवायची वस्तू झाली. चपट्या नाकाच्या पगला एप्रिल-मेच्या दमट हवेत धड श्वास घेता येत नाही. कुत्रं मुख्यतः जिभेवाटे धापा टाकून अंग थंड ठेवतं आणि त्याची वाटच आखूड केलेली. विकणारे मात्र ‘पंच फेस’ म्हणत नाक जितकं आत, तितका भाव वर नेत. पॉममध्येही, म्हणजे पामेरियनमध्ये, मग ‘टॉय पॉम’, ‘कल्चर पॉम’ अशा पायऱ्या आल्या. लॅब्राडोर ‘हेवी बोन’, ‘डबल कोट’ झाला. यातल्या बऱ्याच शब्दांना कुठल्याही नोंदवहीत अर्थ नाही. किमतीच्या फलकावर मात्र भरपूर आहे.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. कुत्र्यांचा बाजार थांबला नाही. तो मोबाइलवर गेला. २५ एप्रिल २०१६ ला केंद्रानं पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर बंदी घातली. हेतू चांगला होता, पण ‘इम्पोर्ट लाइन’ या दोन शब्दांचं वजन त्यानं वाढलंच. बाहेरून नवं काही येईना, तेव्हा असलेल्यातूनच नवं काढायचं ठरलं आणि सोपी वाट होती रंगाची.

इथं जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम रंगात आहे. लॅब्राडोरचे मान्य रंग तीन: काळा, पिवळा, चॉकलेटी. ‘सिल्व्हर लॅब’ म्हणून जो विकतात, तो रंग फिका करणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती एकत्र आल्यावर दिसतो. ‘ब्ल्यू’ म्हणजे राखाडी कुत्र्यांचंही तेच. असा दबलेला गुण हमखास वर आणायचा, तर सोपा उपाय म्हणजे नात्यातच संकर. काही फिक्या कुत्र्यांचे पुढं केस गळतात, कातडी बिघडते. ठिपक्या-शिंतोड्यांचा ‘मर्ल’ याहून वाईट. मर्ल नर-मादीचा संकर केला तर सरासरी चारातलं एक पिल्लू दुहेरी मर्ल निघतं, आणि त्याला बहिरेपणाचा, आंधळेपणाचा धोका मोठा. फ्रेंच बुलडॉगमध्ये किंवा पॉममध्ये तर मर्ल मूळचा मानलाच जात नाही; तो दुसऱ्या जातीच्या संकरातून आला असं धरतात. म्हणजे जाहिरातीत ‘प्युअर’ आणि ‘रेअर’ शेजारी शेजारी छापलेले असले, तरी पहिला शब्द खरा ठरायची शक्यता दुसऱ्यानंच कमी झालेली असते.

दुर्मीळपणा घडवायची कला आपलीच नव्हे म्हणा. ऑस्ट्रेलियात १९८९ साली वॉली कॉनरन यांनी एका अंध बाईंसाठी लॅब्राडोर आणि पूडलचा संकर केला. त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांच्या केसांची अ‍ॅलर्जी होती. उरलेली संकरित पिल्लं कुणी सांभाळायला घेईना. कॉनरननी त्यांना ‘लॅब्राडूडल’ असं नवं नाव दिलं आणि मागणीची रीघ लागली. पुढं त्यांना आपल्या कामगिरीचा पश्चात्ताप झाला, तोवर नावाचा धंदा जगभर गेला होता.

कायदा या सगळ्यात एक जात मागंच चालला. २३ मे २०१७ च्या केंद्रीय नियमांत पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांचं होण्यापूर्वी पिल्लू विकायचं नाही, मादीच्या आयुष्यात पाचाहून जास्त वेळा पिल्लं काढायची नाहीत, असं सगळं आहे. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्रानं तेवीस आक्रमक जातींवरच्या बंदीबाबत राज्यांना पत्र पाठवलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोव्यात एका लहान मुलाचा पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि राज्यात वेगळ्या कायद्याची हालचाल सुरू झाली. गंमत अशी, की एफसीआय या जागतिक संघटनेच्या मान्य जातींत पिटबुल नाही. तरी ‘पेपर’सकट पिटबुल विकला जातो आणि ‘ब्ल्यू नोज’, ‘रेड नोज’ अशा रंगांवर त्याचा भाव ठरतो.

देशी जातीही यातून सुटल्या नाहीत. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळ जातीचं नाव घेतलं आणि देशी कुत्र्यांकडे एकदम लक्ष वळलं. शिकारी बांध्याचं, लांब पायांचं कुठलंही हडकुळं कुत्रं तेवढ्यात मुधोळ म्हणून खपवणं अवघड नाही. त्यात वाईट एवढंच, की खरे मुधोळ वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्याचं पिल्लू आणि रातोरात फलक लावणाऱ्याचं पिल्लू घेणाऱ्याला एकाच किमतीत दिसतं.

आता आमच्या भागात कुणी पिल्लू घ्यायला निघालं की मी रंग विचारू नका म्हणत नाही. माणसाला हौस असणारच. एवढंच सांगतो, की नोंदणी क्रमांक मागा आणि पिल्लाची आई दाखवा म्हणा. क्रमांकाच्या जागी फोटोतलं सर्टिफिकेट येतं. आई मात्र बहुतेक वेळा ‘दुसऱ्या फार्मवर’ असते.