मुलगी अठरा वर्षांची झाली!

बारावीचा निकाल लागतो, घरोघर पेढे पोचतात आणि आठच दिवसांत त्या घरात भांड्याला भांडे लागू लागते. वडिलांनी मनाशी इंजिनिअरिंग धरून ठेवलेले असते, मुलगी म्हणते, "बाबा, मला चित्रकला शिकायची आहे." त्यातच तिच्या मोबाईलवर वर्गातल्या एका मुलाचे निरोप आईच्या दृष्टीस पडतात. झाले! "त्या पोरानेच हिचे डोके फिरवले," असा निवाडा दोघेही देऊन मोकळे होतात.

येथेच आपण आईबाप चुकतो. प्रश्न दोन असतात : पुढे काय शिकायचे, आणि जीव कोणावर जडला आहे. आपण दोन्हींची एकच मोट बांधतो. मोबाईल काढून घेतो, बाहेर जाणे बंद करतो. मग मुलीला वाटू लागते की, या घरातून सुटायला तो मुलगा हा एकच मार्ग आहे. जी ओढ कदाचित वर्षभरात ओसरली असती, तिला आपणच हट्टाचे बळ देतो. मुलाच्या बाबतीतही हेच घडते.

कायदा येथे घाबरलेल्या आईबापांना थोडा धीर देतो. १८७५ च्या कायद्याप्रमाणे १८ व्या वर्षी माणूस सज्ञान होतो. लग्नाला मात्र १९७८ पासून मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पुरी व्हावी लागतात. म्हणजे एका वर्गातल्या या जोडीला अजून तीनएक वर्षे थांबणे भागच आहे. शिकायला, कमावायला आणि एकमेकांना पारखायला ही वर्षे पुरेशी आहेत. त्यानंतर मात्र हक्क त्यांचा! दोन सज्ञान माणसांच्या विवाहाला घरच्यांची किंवा जातीची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

रागाच्या भरात पोलीस ठाणे गाठणाऱ्यांनीही क्षणभर थांबावे. २०१२ च्या पोक्सो कायद्यात १८ वर्षांखालील मुलामुलींची संमती ग्राह्य धरली जात नाही. जबरदस्ती किंवा फसवणूक असेल, तर तक्रार केलीच पाहिजे; त्यासाठीच तो कायदा आहे. पण केवळ जात आड आली म्हणून सूड उगवायला गेलात, तर कुणाचा एकोणीस वर्षांचा मुलगा तुरुंगात जाईल आणि तुमचीच लेक साक्षीला उभी राहील. ती ते जन्मभर विसरणार नाही.

मग करायचे काय? त्या मुलाला एकदा चहाला बोलवा. चित्रकलेच्या महाविद्यालयात लेकीबरोबर स्वतः जाऊन चौकशी करा. तुमचे मत तिला जरूर सांगा. पण तिचेही पुरते ऐकून घ्या.

ती चुकेल का? चुकेलही. आपण काय कमी चुकलो? पण ठेच लागली तर परत येण्याजोगे घर तिला असावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.