बाबांचा पीएसए वाढलाय? थांबा जरा!

बदलापूर गावातून रिक्षा, स्टेशनवर धक्काबुक्की आणि मग सीएसएमटीपर्यंत ६८ किलोमीटर. आपलं हे रोजचंच. पण साठी ओलांडलेले बाबा हल्ली दादरला लग्नाला यायचंही टाळतात, निघताना चहा नको म्हणतात, हे लक्षात आलंय का? लोकलमध्ये टॉयलेट नसतं, बॉस! आणि तासातासाला लघवीला जावं लागतं, हे बाबा मुलांना कशाला सांगतील?

मग तुम्ही हौसेने त्यांचं फुल बॉडी चेकअप बुक करता. रिपोर्टमध्ये पीएसएचा आकडा ४ च्या वर. नेटवर शोधलं की पहिला शब्द कॅन्सर. सगळ्या घराची झोप उडते.

खरं तर पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रोटीन. वयाबरोबर ग्रंथी वाढली किंवा इन्फेक्शन झालं तरी ते चढतं. सारखं लघवीला होणं हेही बहुतेक वेळा साध्या वाढीमुळेच. उलट सुरुवातीचा कॅन्सर अनेकदा काहीच त्रास देत नाही. पक्कं निदान बायोप्सीने, म्हणजे सुईने ग्रंथीचे १०-१२ तुकडे काढून. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी धाकधूक राहतेच, कारण सुई गाठीच्या शेजारून गेली असेल तर?

म्हणून शास्त्रज्ञ लघवीकडे वळले. १९९९ मध्ये पीसीए३ या जनुकाची माहिती प्रसिद्ध झाली. कॅन्सरच्या पेशींत त्याचा आरएनए कितीतरी पट जास्त असतो. डॉक्टर आधी गुदद्वारातून बोटाने ग्रंथी दाबतात (हो, हे ऐकूनच बाबा नाही म्हणणार), पेशी लघवीत उतरतात आणि पहिल्या धारेचा नमुना लॅबमध्ये जातो. ग्रंथी नुसती मोठी झाली म्हणून हा स्कोअर वाढत नाही, हा मोठा फायदा. अमेरिकेने २०१२ मध्ये या टेस्टला मान्यता दिली, पण आधीची बायोप्सी निगेटिव्ह आलेल्या पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठीच.

दुसरा धागा मिशिगन विद्यापीठातला. २००५ मध्ये अरुल चिन्नय्यन यांच्या टीमला प्रोस्टेट कॅन्सरमध्ये टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी ही दोन जनुकं एकमेकांना जोडलेली सापडली. ही जोडीही लघवीत शोधता येते. २०२४ मध्ये तिथल्याच संशोधकांनी १८ जनुकांची टेस्ट मांडली. उद्देश एकच, उपचार लागतील असाच कॅन्सर हेरायचा. कारण काही गाठी इतक्या सावकाश वाढतात की त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं.

मग पाठवायची का बाबांची लघवी? घाई नको. 'कॅन्सर आहे का' याचा निकाल ही टेस्ट देत नाही, 'सुई टोचायची का' एवढं ठरवायला मदत करते. शिवाय या टेस्ट मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या पुरुषांवर पारखलेल्या आहेत. आधी यूरोलॉजिस्ट गाठा. ते बहुधा इन्फेक्शन बघतील, पीएसए पुन्हा करायला सांगतील, गरज वाटली तर एमआरआय. पुढची वेळ आलीच तर परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहेच.

आणि आत्याला किंवा आजीला ब्रेस्ट कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. बीआरसीए२ जनुकातला दोष दोन्ही कॅन्सरचा धोका वाढवतो. अपॉइंटमेंट दुपारची घ्या, गाडीला गर्दी कमी असते आणि वाटेत ठाण्याला उतरायचं झालं तर बाबांना दारापर्यंत पोचता येतं.