संगणकांतील अनाहूत पाहुणे

पंगतीस एकाला आमंत्रण द्यावें आणि त्याच्या पाठोपाठ चार अपरिचितांनीं येऊन पाटांवर बसावें, असें घडलें तर कोणताहि गृहस्थ त्यांची चौकशी केल्यावांचून राहणार नाहीं. घरच्या संगणकांत मात्र हा प्रकार नित्य घडतो. आणि त्या चौघांना ‘या, बसा’ असें आपणच म्हटलेलें असतें!

आमचाच अनुभव सांगतों. वडिलांच्या हस्तलिखित व्याकरण-टिपणांचीं छायाचित्रें पुस्तकरूपानें जुळविण्यासाठीं आम्हीं एक फुकट आज्ञावली उतरवून घेतली, व प्रत्येक पडद्यावर मुकाट्यानें ‘नेक्स्ट’ दाबीत गेलों. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों ब्राउझरचें मुखपृष्ठ बदललेलें, यंत्र मंदावलेलें, आणि ‘तुमच्या संगणकांत शेंकडों दोष आहेत, पैसे भरा, दूर करूं’ असें बजावणारा एक स्वयंघोषित वैद्य पुढें उभा! मूळ कागद वाळवीनें निम्मे खाल्लेले, दुसरी प्रत केलेली नाहीं. आमचा हात बँकेच्या कार्डाकडे गेला. तेवढ्यांत नातीनें विचारलें, “आजोबा, दाबण्यापूर्वीं वाचलंत का?” ‘प्रश्नपत्रिका आधीं संपूर्ण वाचा’ असें जन्मभर मुलांना बजावणाऱ्या मास्तराला उत्तर सुचेना. ते दोष खोटे होते. टिपणें सुखरूप होतीं.

फुकट आज्ञावली वांटणाऱ्यास अशा सोबत्यांबद्दल पैसे मिळतात, हें या व्यवहाराचें मूळ. ‘भटाला दिली ओसरी’ ही म्हण आमच्याच ज्ञातीवर रचलेली खरी, पण येथें ती चपखल बसते. नवें यंत्रहि निर्धोक समजूं नये. लेनोवोच्या कांहीं लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ ही जाहिरातींची आज्ञावली आधींच बसविलेली असल्याचें २०१५ सालीं उघडकीस आलें. सुरक्षित संकेतस्थळांशीं चाललेलें संभाषणहि ती मध्येंच उघडूं शके.

उपाय अवघड नाहींत. आज्ञावली मूळ कर्त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. बसवितांना ‘कस्टम’ अथवा ‘ॲडव्हान्स्ड’ हा मार्ग निवडून सोबत्यांपुढील खुणा काढाव्या. शिरलेला पाहुणा घालवावयाचा तर विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’ची यादी तारखेप्रमाणें लावावी, त्या दिवशीं कोण कोण आलें तें तत्काळ कळतें. अनोळखी नांवाची माहिती काढून मगच ‘अनइन्स्टॉल’ करावें. सुंभ जळला तरी पीळ राहतो; म्हणून ब्राउझरमधील एक्स्टेन्शन, मुखपृष्ठ व शोधयंत्र हींहि तपासावीं.

विषाणूंसाठीं विंडोज १० व ११ मध्यें ‘डिफेंडर’ हा रक्षक मुळांतच आहे. दोन रक्षक एकाच वेळीं पहाऱ्यास ठेवूं नयेत. ते एकमेकांसच अडवितात. अद्यतनें कधीं टाळूं नयेत. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’नें जगभरच्या दोन लाखांहून अधिक संगणकांना ग्रासलें, त्या छिद्रावरील ठिगळ मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिलें होतें. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, हेंहि ध्यानांत असावें. आणि महत्त्वाच्या लिखाणाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर करून, काम होतांच ती यंत्रापासून अलग ठेवावी.

वडिलांच्या टिपणांची डिस्क आतां त्यांच्याच जुन्या पेटींत, उरलेल्या कागदांशेजारीं आहे. आणि ‘नेक्स्ट’ दाबण्यापूर्वीं आम्ही प्रथम चष्मा लावतों.