अजिंठ्याचा घाटरस्ता

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणारा हमरस्ता फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव ही गावे मागे टाकीत जेव्हा तटबंदीच्या अजिंठा गावाशी येतो, तेव्हा पठाराची सीमा संपून सह्याद्रीच्या सातमाळा-अजिंठा रांगेचा उत्तर उतार सुरू होतो, आणि घाटाच्या वळणावळणांवरून खानदेशाचा विस्तीर्ण मुलूख दृष्टिपथात येतो.

ही डोंगररांग म्हणजे जलविभाजकच होय. दक्षिणेकडील पूर्णा नदी गोदावरीस मिळते, तर अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी नालाकृती वळण घेणारी वाघूर उत्तरेस तापीकडे धावते. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात याच परिसरात निजामाचा अंमल संपून ब्रिटिश खानदेशाची सरहद्द लागत असे. घाटपायथ्याच्या फर्दापुरातील मोगलकालीन सराई येथील जुन्या रहदारीची साक्ष देते. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस लेणी पडली. १८४४ नंतर मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठा गावी दीर्घकाळ वास्तव्य करून तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगविल्या. १९८३ साली लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला.

लेण्यांचे माहात्म्य निर्विवाद आहे. परंतु ज्या रस्त्याने घाटाखालील वाकोद, पहूर आणि घाटमाथ्यावरील गावे परस्परांशी जोडली, त्याकडेही प्रवाशाने आदराने पाहावे, असे मला मनःपूर्वक वाटते. पावसाळा सरताना, सोमवार वगळून (त्या दिवशी लेणी बंद असतात), दिवसाउजेडी आणि सावकाश हा घाट उतरावा.