तीन मिलिमीटरचं तळं

भारताचा समुद्रकिनारा अलीकडे ३,५८२ किलोमीटरने वाढला. समुद्र मागे हटला नाही, एकही नवं बेट वर आलं नाही. शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेला आकडा होता ७,५१६ किलोमीटर. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात तो ११,०९८.८१ झाला. जुनं मोजमाप १९७० च्या दशकातलं, १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरचं. त्या नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर साडेचार किलोमीटर भरतो. नवं मोजमाप १:२,५०,००० प्रमाणावर झालं, तिथे एक मिलिमीटर अडीचशे मीटरचा. जुन्या नकाशात रेघेच्या जाडीतच बुडून गेलेल्या खाड्या, बेटं आणि खाचा या बारीक नकाशात उघड्या पडल्या.

महाराष्ट्राचा किनारा केंद्राच्या जुन्या यादीत ६५२.६ किलोमीटर होता, आता तो ८७७.९७ आहे. मधल्या काळात आपली पाठ्यपुस्तकं ७२० शिकवत आली. गोवा १०१ वरून १९३.९५ वर गेला, जवळजवळ दुप्पट. पश्चिम बंगालचा आकडा तर १५७.५ वरून ७२१ वर पोचला, कारण सुंदरबनातली प्रत्येक ओहळवाट मोजणीत शिरली. केरळचा किनारा सरळसोट, त्यामुळे तो ५६९.७ वरून जेमतेम ६०० झाला. पट्टी जितकी बारीक तितका किनारा लांब. बेन्वा मांडेलब्रो या गणितज्ञाने १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हेच दाखवून दिलं होतं.

पण ही निव्वळ गणितातली गंमत नव्हे. या रेघेवर कायदा उभा आहे. कोकणात जमिनीचा कुठलाही व्यवहार निघाला की पहिला प्रश्न येतो, जागा सीआरझेडमध्ये आहे का? सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी २०११ ची आणि सध्याची १८ जानेवारी २०१९ ची. समुद्राच्या बाजूने हिशेब त्यातल्या त्यात सोपा आहे. उधाणाच्या भरतीचं पाणी जिथवर चढतं ती भरतीरेषा, आणि तिच्यापासून जमिनीकडे ५०० मीटरचा पट्टा नियमात. खाडीच्या काठाने मात्र २०११ मध्ये १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते धरत होते. २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. शंभर मीटरपेक्षा रुंद असलेली ४५ किलोमीटर लांबीची एक खाडी धरा. दोन्ही काठ मिळून ९० किलोमीटर होतात, त्यातून ५० मीटरची पट्टी गळली. साडेचार चौरस किलोमीटर, अकराशे एकरांहून जास्त जमीन, एका खाडीची.

मग खाडी कुठे संपते आणि नदी कुठे सुरू होते? यावर नियमाचं उत्तर आहे मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात, जिथे हे प्रमाण हजारी पाचावर येतं, तिथे सीआरझेडची हद्द संपते. लिटरभर पाण्यात सपाट चमचाभर मीठ. त्या जागेच्या खाली काठ नियमात, वर मोकळा.

वाशिष्ठीकडे पाहिलं की हा चमचा किती नाजूक आहे ते कळतं. दाभोळला समुद्राला मिळणाऱ्या या नदीत भरती चाळीसएक किलोमीटर आत, चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते. पूर्वी गलबतं भरती साधून गोवळकोटच्या धक्क्याला लागायची. कोकणातल्या बहुतेक नद्या मार्चनंतर आटतात, वाशिष्ठी आटत नाही. कोयनेचं पाणी खरं तर कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जायचं, पण वीजनिर्मितीसाठी ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवलं जातं आणि जनित्रं फिरवून वाशिष्ठीत येतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली. लिटरमध्ये हा आकडा सुमारे १ लाख ९१ हजार कोटी होतो. वर्षभर सारखा सोडला तर दर सेकंदाला साठ हजार लिटर.

एवढं गोडं पाणी ऐन उन्हाळ्यात वरून येत असेल तर मचूळ पाण्याची हद्द समुद्राकडे सरकणारच. शिवाय वीज वर्षभर सारखी तयार होत नाही. ज्या आठवड्यात निर्मिती जोरात, त्या आठवड्यात पाच ग्रॅमची जागा खाली उतरणार, निर्मिती थांबली की वर चढणार. त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण वेगळं आणि अष्टमीचा भांग वेगळा. खाडीत जाळं टाकणाऱ्या कुठल्याही माणसाला हे तोंडपाठ असतं. तेव्हा नमुना कुठल्या तिथीला, भरतीच्या कुठल्या घटकेला, किती खोलीवरून घेतला आणि त्या दिवशी वरून किती विसर्ग चालू होता, हे नकाशासोबत छापलं पाहिजे. नाही तर पाच हा आकडा असून नसल्यासारखा. ज्या खाडीच्या काठावर माणसांची घरं, बागा आणि पोटं आहेत, तिच्या बाबतीत एवढी मागणी मला मुळीच जास्त वाटत नाही.

आता नकाशा हातात घ्या. किनारपट्टी व्यवस्थापनाचे आराखडे १:२५,००० प्रमाणावर होतात. पन्नास मीटरचा पट्टा तिथे दोन मिलिमीटर भरतो. पाच गुंठ्यांची चौरस जागा, जिच्यावर घर, विहीर आणि चार माड सहज मावतात, या नकाशावर एक मिलिमीटरलाही पुरत नाही. अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ प्रत्यक्षात साडेबारा मीटर रुंद असते, म्हणजे आख्खं घर रेघेखाली जातं. म्हणून अधिसूचनेत साधारण १:४,००० प्रमाणाच्या, गटनंबर दाखवणाऱ्या नकाशांची तरतूद आहे. तिथे तीच जागा साडेपाच मिलिमीटरची होते, बोट ठेवता येईल एवढी. गावकऱ्याच्या कामाचा नकाशा हाच.

याच अधिसूचनेत २,१६१ हा आकडा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार एका चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक राहत असतील, तर त्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५० मीटर बांधकामाला बंदी, आराखडा रीतसर मंजूर झाल्यावर. त्याहून कमी असतील तर बंदी २०० मीटर. २,१६१ या घनतेला एका माणसाच्या वाट्याला सुमारे ४६३ चौरस मीटर येतात, साडेचार गुंठे. एक चौरस किलोमीटरचं गाव आणि समोर एक किलोमीटर किनारा असेल, तर जनगणनेत एक माणूस इकडचा तिकडे झाला की ३७ एकरांचा नियम पालटतो. मुंबईला नोकरीसाठी गेलेली पोरं जनगणनेत गावात मोजली गेली की मुंबईत, यावर किनारा ठरतो.

समुद्र सोडून देशावर आलं की चित्र आणखी विस्कटतं. महाराष्ट्राने २००० साली नद्यांसाठी नदी नियमन क्षेत्राचं धोरण आणलं होतं, ते २०१५ मध्ये रद्द झालं. उरल्या त्या पूररेषा. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित. शंभर वर्षांतून एकदा म्हटलं की माणूस निर्धास्त होतो, पण वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेवरच्या घराला पाणी लागण्याची शक्यता १८ टक्के येते, निळ्या रेषेवर ५६ टक्के. धोरण रद्द झालं तेव्हा या टक्केवारीची चर्चा व्हायला हवी होती.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने १९७१ च्या किनारा कायद्यात सरळ आकडे घातले. वार्षिक सरासरी प्रवाह २० क्युसेकहून जास्त असलेली नदी आणि २० एकर किंवा त्याहून मोठं तळं नियमात, त्यांना जोडलेल्या पाणथळ जागाही नियमात, काठापासून २०० फूट. २० क्युसेक, सेकंदाला ५६६ लिटर. हे माप आपल्याकडे लावून पाहिलं. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला दोन तृतीयांश ओढ्याला लागला असं मानलं, तर अवघं नऊ चौरस किलोमीटर पाणलोट असलेला पऱ्या ‘नदी’ ठरतो. मे महिन्यात त्यात पोरं क्रिकेट खेळत असली तरी. मराठवाड्यात जिथे १०० मिलिमीटरच वाहून येतं असं धरावं, तिथे पावणेदोनशे चौरस किलोमीटर पाणलोट लागेल. आकडा तोच, पण एकीकडे गल्लीतला ओहोळ सुरक्षित आणि दुसरीकडे तालुक्याची नदी उघडी.

पाणथळ जागांचा हिशेब तर थक्क करणारा आहे. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये देशातल्या जलाशयांची पहिली गणना प्रसिद्ध केली. आकडा २४,२४,५४० निघाला. त्यातले ९७ टक्के ग्रामीण भागात. महाराष्ट्रात ९७,०६२. याच्या आधी ‘इस्रो’च्या अहमदाबादच्या केंद्राने उपग्रहचित्रांवरून देशाचा पाणथळ नकाशासंग्रह केला होता, २०११ चा. त्यात ७,५७,०६० पाणथळ जागा आहेत. पैकी सव्वादोन हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३, लहान ५,५५,५५७.

सव्वादोन हेक्टर कुठून आले? हा संग्रह १:५०,००० प्रमाणाचा. त्यावर तीन मिलिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद चौकोन काढला तर जमिनीवर तो दीडशे मीटर बाय दीडशे मीटर होतो, बरोबर सव्वादोन हेक्टर. याहून लहान आकार नकाशात नीट रेखता येत नाही. बदक किती उतरतात, गावाच्या विहिरींना त्या तळ्याचा किती पाझर लागतो, पाणी उन्हाळ्यात टिकतं का, यातल्या कशाशीही या मर्यादेचा संबंध नाही. लहान ५,५५,५५७ जागा नकाशात नुसते ठिपके झाल्या, आणि त्यांचं एकूण क्षेत्र लिहिलं गेलं ५,५५,५५७ हेक्टर. प्रत्येक तळं एक हेक्टरचं धरलं गेलं. महाराष्ट्राच्या रकान्यात तसंच आहे, लहान जागा २१,६६८, क्षेत्र २१,६६८ हेक्टर.

नकाशा करणाऱ्यांनी यात काही लपवलं नाही. प्रमाण ठरलं की बारकाव्याची मर्यादा ठरतेच. पण हीच मर्यादा पुढे संरक्षणाची रेषा झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,०१,५०३ जागांना संरक्षण देण्याचा आदेश दिला तो याच यादीवर. तो आदेश फार मोलाचा आहे. तरीही दोन हेक्टरचं गावतळं बाहेर राहिलं आणि अडीच हेक्टरचं आत आलं, ते तीन मिलिमीटरमुळे.

वर २०१७ च्या पाणथळ नियमांत नदीची पात्रं, भातशेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. महाराष्ट्राला हे वगळणं फार महाग पडतं, कारण आपल्याकडचं बहुतेक साठलेलं पाणी माणसाने अडवलेलं आहे. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ सिंचनासाठी बंधारा घातला, गाळ साठत गेला, बेटं झाली, पाणकणसं उगवली आणि हजारो पाखरं यायला लागली. २०२० मध्ये ते पाणथळ जागांच्या रामसर या आंतरराष्ट्रीय करारातलं महाराष्ट्राचं पहिलं स्थळ म्हणून जाहीर झालं, १,४३७ हेक्टर. जगाने मान्य केलेली आपली पहिली पाणथळ जागा सिंचनाच्या बंधाऱ्याची आहे. रामसरची मोहोर असल्यामुळे ती नियमात बसते. तसंच गाळाने भरत आलेलं, तसंच पाखरांनी गजबजलेलं, पण मोहोर नसलेलं शेजारच्या तालुक्यातलं धरण बसत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या मोजणीची दखल घेतली. सव्वादोन हेक्टरवरच्या जागांची संख्या आता २,३१,१९५ आहे, आणि राज्यांनी त्या प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासाव्यात, हद्दी ठरवाव्यात, शक्यतो तीन महिन्यांत, असं सांगितलं. महाराष्ट्राच्या जुन्या संग्रहातल्या मोठ्या जागा २३,०४६. छत्तीस जिल्ह्यांत वाटल्या तर जिल्ह्यामागे ६४०. नव्वद दिवसांत संपवायच्या तर रोज सात, रविवारसुद्धा धरून. मोजणीला येणाऱ्या माणसाने सकाळी तळ्यावर पोचायचं, काठ चालायचा, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं ते कुणाला तरी विचारायचं, खुणा घालायच्या आणि पुढच्या तळ्याकडे निघायचं.

त्या ‘कुणाला तरी’ या दोन शब्दांत मला सगळं काम दिसतं. तलाठ्याकडे जुना गावनकाशा असतो, भोई समाजातल्या माणसाला गाळपेराची हद्द माहीत असते, गुराख्याला दलदल कुठे लागते ते ठाऊक असतं. तारीख आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली, ही माणसं बरोबर चालली, सव्वादोन हेक्टरखालची तळीही त्याच फेरीत टिपली आणि गटनंबरांसह नकाशा चावडीवर टांगला, तर खर्च फारसा वाढत नाही. महाराष्ट्रातले २१,६६८ ठिपके त्या फेरीच्या वाटेवरच आहेत.