राखणदार आणि त्याचा धनी

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, जांबोटी-कणकुंबीच्या रानाकाठी ज्यांची घरे आहेत, त्यांना कुत्र्याची महती सांगावयास नको. पावसाळ्यात ओढे-नाले तुडुंब भरले, की वाड्यावस्त्यांच्या वाटा बंद होतात आणि रात्री बिबट्याची चाहूल प्रथम लागते ती कुत्र्यालाच. गोठ्यातील वासरू सकाळी जिवंत दिसते, याचे श्रेय पुष्कळदा दारातल्या या मुक्या राखणदाराकडे जाते.

याच भागात गुरांचे डॉक्टर म्हणून आम्ही पुष्कळ वर्षे हिंडलो. गाई-म्हशींसाठी आम्हांस अपरात्रीही बोलावणे येई. कुत्र्यासाठी मात्र क्वचितच. गाय आजारी पडली म्हणजे सारे घर जागते. कुत्रा आजारी पडला, तर 'होईल बरा आपोआप' असे म्हणून सोडून देतात. यात निर्दयपणा असतो असे नव्हे. माया असतेच, परंतु ती माया कोणत्या कर्तव्यात उतरली पाहिजे, याची जाण नसते. प्रस्तुत लेखात त्या कर्तव्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

एके दिवशी सकाळी एक वृद्ध गवळी आपला कुत्रा पोत्यात गुंडाळून आमच्या दवाखान्यात आला. सोबत दहा-अकरा वर्षांचा नातू होता. म्हातारा म्हणाला, "साहेब, ह्याच्या घशात हाड अडकलंय बघा. दोन दिवस झालं, खाईना, पिईना. तोंड मिटतच न्हाई."

कुत्र्याचा खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, आवाज घोगरा झाला होता. तो कोणाच्या अंगावर धावत नव्हता; मलूल पडून धन्याकडे नुसता पाहत होता.

"आजोबा, हाड काढायला तोंडात हात घातलात काय?" आम्ही विचारले.

"घातला की! घरचंच कुत्रं, काय करणार ते?"

त्याच्या बोटांवर दातांचे ओरखडे होते. आमच्या अंगावर काटा आला.

पिसाळलेला कुत्रा म्हटला, की दात विचकीत गावभर धावणारे जनावर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. तो या रोगाचा उग्र प्रकार होय. दुसरा मूक प्रकार अधिक फसवा असतो. त्यात जबड्याचे व घशाचे स्नायू लुळे पडतात. म्हणून घशात हाड अडकल्यासारखे वाटते आणि कनवाळू धनी स्वतःचा हात मृत्यूच्या तोंडात घालतो. या रोगास रेबीज म्हणतात. माणसास तो जडला म्हणजे पाण्याचा घोट घेतानाही घशात कळा येतात. म्हणून त्यास जलसंत्रास असेही नाव आहे.

नातू मुकाट्याने उभा होता. खोदून विचारता त्याने रडत सांगितले, की चार दिवसांपूर्वी दूध पाजताना कुत्र्याने त्याच्या मनगटास दात लावला होता. घरी कळले तर कुत्र्यास मारून टाकतील, या भीतीने त्याने जखमेवर गुपचूप हळद दाबली होती.

आम्ही दोघांचेही हात तेथेच साबण लावून नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटे धुवविले व त्यांस तडक सरकारी रुग्णालयात धाडले. म्हातारा मात्र पोटात घ्यावयाच्या चौदा सुयांच्या आठवणीने कचरत होता. ती भीती जुन्या काळची आहे. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास प्रथम लस टोचून वाचविले. आपल्या देशात कसौली येथे १९०० साली व कुन्नूर येथे १९०७ साली पाश्चर संस्था निघाल्या. कसौलीस डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली जनावरांच्या मेंदूपासून लस सिद्ध केली. पोटातल्या सुया त्याच लशीच्या. तिचे उत्पादन भारतात २००४ साली थांबले. आताची लस दंडात टोचतात व तिच्या चार-पाच मात्रा पुरतात.

ही लस चावल्यानंतरही उपयोगी पडते, याचे कारण काय? या रोगाचे विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात. ते मेंदूत पोहोचण्यापूर्वी लशीने शरीर सज्ज झाले, तर माणूस वाचतो. एकदा का लक्षणे दिसू लागली, की बहुधा कोणताही इलाज चालत नाही. जगात दरवर्षी अंदाजे ५९ हजार माणसे या रोगाने दगावतात आणि त्यांतील दहांपैकी चार पंधरा वर्षांखालील मुले असतात.

म्हणून चावा लहान असो वा मोठा, जखम तत्काळ साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, मिरची, हळद काहीही भरू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे व सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. खोल जखमेत याखेरीज तयार प्रतिद्रव्याचे औषधही टोचतात. आणि चावलेल्या कुत्र्यास मारू नये. त्यास बांधून दहा दिवस लक्ष ठेवावे. चावतेवेळी त्याच्या लाळेत रोग असेल, तर तो बहुधा या मुदतीत मरतोच. मात्र तोवर आपला उपचार थांबवू नये.

परंतु खरा उपाय चाव्याच्या आधीचा आहे. कणकुंबीपुढचा चोर्ला घाट उतरला, की गोव्याचा सत्तरी तालुका लागतो. त्या गोव्यात २०१३ पासून पुढे गावोगाव फिरून, जाळ्यांनी भटके कुत्रे धरून व पाळीव कुत्रे दारोदार गाठून लस टोचण्यात आली. शंभरांतील सत्तर कुत्र्यांस लस मिळाली, की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागील गणित. २०१९ पर्यंत तेथील कुत्र्यांतील रोग ९२ टक्क्यांनी घटला. २०१८ व २०१९ या दोन सालांत माणसाचा एकही बळी नोंदला गेला नाही. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्रे मारून हे साधले नाही. त्यांस जपून साधले.

त्या गवळ्याचा कुत्रा दुसऱ्याच दिवशी मेला. आजा-नातवाने सर्व मात्रा नेमाने घेतल्या व ते सुखरूप राहिले. पुढे वर्षभराने तोच मुलगा एक पिल्लू कवेत घेऊन आमच्या दारी आला.

"साहेब, ह्याला तीन महिने झाले. सुई द्या."

विद्यार्थी मित्रहो, २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसाची वाट न पाहता आपल्या दारातल्या राखणदारास वर्षातून एकदा लस टोचून आणा. आणि कुत्र्याचा दात लागला, तर तो ओरखडा घरी लपवू नका. राखणदार रात्रभर आपल्यासाठी जागतो. त्याच्यासाठी वर्षातून एक सकाळ राखून ठेवणे, हे धन्याचे कर्तव्य आहे.