आधी चित्रे, मग चित्रपट

मातीची बाहुली थोडी थोडी हलवायची, प्रत्येक हालचालीचे छायाचित्र टिपायचे आणि ती सारी छायाचित्रे वेगाने सलग दाखवायची. बाहुली चालू लागते. ‘स्टॉप-मोशन’ची ही किमया आता घरच्या मोबाईलवरही साधते. मात्र बहुतेक उत्साही मंडळी थेट छायाचित्रणाला आरंभ करतात आणि चाळिसाव्या छायाचित्रापाशी थबकतात. पुढे काय घडायचे, हे ठरलेलेच नसते.

दृश्यांच्या आखणीचा उत्तम वस्तुपाठ कोलकात्याने घालून दिला आहे. तेथील एका जाहिरात संस्थेत चित्रकार असलेल्या सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी रूढ अर्थाने पटकथा लिहिलीच नाही. एका वहीत त्यांनी दृश्यामागून दृश्य रेखाटले आणि ती वही घेऊन ते निर्मात्यांचे उंबरठे झिजवीत राहिले. कोणी भांडवल देईना. अखेर त्यांनी आपली विमा पॉलिसी गहाण टाकली, ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या. पत्नी बिजोया यांचे दागिनेही गहाण पडले. ऑक्टोबर १९५२ मध्ये काशफुलांच्या रानात चित्रीकरणास प्रारंभ झाला. पुढच्या रविवारी मंडळी तेथे परतली, तो गुरांनी सारी फुले फस्त केलेली! उरलेल्या भागासाठी पुन्हा काश फुलेपर्यंत थांबावे लागले. पैशांअभावी काम वारंवार खंडित होत चित्रपट १९५५ मध्ये पडद्यावर आला. इतक्या तुकड्यांत टिपलेली दृश्ये एकसंध भासतात, यात त्या रेखाटनांचा वाटा मोठा असावा. ती वही पुढे पॅरिसच्या चित्रपट संग्रहालयाकडे गेली.

मराठी वाचकांना येथे दादासाहेब फाळके आठवल्यावाचून राहणार नाहीत. त्यांनीही विमा पॉलिसी गहाण टाकूनच १९१२ मध्ये लंडनचा प्रवास केला होता. परतल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्यापुढे कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ टिपली. मिनिटभराचा तो चित्रपट पाहून यशवंतराव नाडकर्णी कर्ज देण्यास राजी झाले. अंकुराच्या बळावर मिळालेले असे कर्ज बँकेच्या इतिहासातही विरळाच!

रायांसारखा हात सर्वांनाच लाभत नाही. ज्यांना रेखाटता येत नाही त्यांनी छायाचित्रांचा आधार घ्यावा. समजा, मातीची गाय कागदी काशफुले खाते, अशी गोष्ट आहे. गाय दूरवर दिसते, जवळ येते, हुंगते, खाते, मुलगी धावत येते अशा प्रत्येक प्रसंगाचे एकेक छायाचित्र नमुन्यादाखल काढावे. दहा-बारा पुरेत. त्यांच्या छोट्या प्रती छापून जमिनीवर ओळीने मांडाव्यात आणि गोष्ट ठाऊक नसलेल्या कुणाला तरी ती सांगावयास लावावी. आजी या कामी सर्वोत्तम. तिला उगीच भिडेखातर होकार देण्याची सवय नसते. ती जेथे अडखळेल, तेथे एखादे चित्र कमी आहे किंवा क्रम चुकला आहे असे समजावे. भिंतीवरचा विजेचा खटका चौकटीत डोकावतो आहे, गाय मुलीहून लहान दिसते आहे, हेही याच वेळी उमगते.

क्रम निश्चित झाल्यावर प्रत्येक चित्रामागे त्या दृश्याचा कालावधी लिहावा. सेकंदाला १२ छायाचित्रे धरली, तर तीन सेकंदांना ३६ आणि अर्ध्या मिनिटाला ३६० लागतात. हा हिशेब मांडला की गोष्ट आपोआप आटोपशीर होते. खरी फुले, पाने, फळे वापरावयाची असतील, तर ती दृश्ये प्रथम उरकावीत. खिडकीचा उजेड घटकेघटकेला बदलतो. म्हणून पडदे ओढून दिव्याच्या प्रकाशात काम करावे. कॅमेऱ्याची जागा चिकटपट्टीने आखून ठेवावी. काम दुसऱ्या दिवसावर गेलेच, तर आदल्या दिवसाचे अखेरचे छायाचित्र शेजारी ठेवून गायीची मान त्याबरहुकूम वळवावी आणि मगच पुढचे छायाचित्र काढावे.